पर्समधलं पिस्तूल आणि कपाटाची चावी



८ मार्च २०२५ ला, म्हणजे आपल्याच दिवशी, आमच्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यातल्या दोन पुढाऱ्यांनी बायकांच्या सुरक्षिततेवर तोंड उघडलं. राज्याचे पाणीपुरवठा मंत्री गुलाबराव पाटील यांनी सांगितलं की महिलांनी पर्समध्ये लिपस्टिकबरोबर चाकू आणि मिरचीपूडही ठेवावी. शरद पवारांच्या राष्ट्रवादी काँग्रेसच्या महिला आघाडीच्या प्रदेशाध्यक्ष रोहिणी खडसे यांनी राष्ट्रपतींना पत्र लिहिलं आणि बायकांना एक खून माफ करावा अशी मागणी केली. रोहिणीताईंच्या पत्रामागचा संताप मला समजतो, ती निषेधाची भाषा होती. मंत्र्यांचं तसं नाही. ज्यांच्या हाताखाली यंत्रणा आहे त्यांनीच चाकू घे म्हणायचं, याचा अर्थ आमच्या भरवशावर राहू नका, एवढाच होतो. (आणि पाणीपुरवठा खात्याच्या मंत्र्यांना बाईच्या सुरक्षिततेसाठी खरं तर पुष्कळ करता येतं. हंडा घेऊन लांबच्या विहिरीवर जाणारी बाई पर्स नेत नाही.)

त्याच आठवड्यात रोहिणखेडला बचत गटाच्या बैठकीत हा विषय निघाला. मलकापूरला कॉलेजात जाणाऱ्या दोघी-तिघी आल्या होत्या. एकीनं विचारलं, "ताई, चाकू-मिरची जाऊ द्या, पिस्तुलाचं लायसन मिळते का आपल्याले?" ती थट्टा करत नव्हती. शेवटची एस.टी. चुकली की अंधारात पायी येणाऱ्या मुलीचा तो प्रश्न होता. मी उत्तर देण्याआधीच एक म्हातारी बोलली, "घेतलं तं ठेवशीन कुठी माय? कपाटाची चावी तं सासूजवळ हाये, अन् सासू चावी पोराले देते." सगळ्या हसल्या. विषय खरं तर तिथंच संपला होता. तरी मी लिहिते आहे, कारण पिस्तूल म्हणजे सबलीकरण असं आता आपल्यातल्या काही शिकलेल्या मैत्रिणीही म्हणू लागल्या आहेत.

बायकांसाठी म्हणून पिस्तूल विकण्याची सुरुवात सरकारनंच केली. दिल्लीत १६ डिसेंबर २०१२ ला बसमध्ये त्या मुलीवर जे झालं, त्यानंतर साधारण वर्षभरानं, जानेवारी २०१४ मध्ये, कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्यानं 'निर्भीक' नावाचं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. पॉइंट ३२ बोअर, वजन साधारण अर्धा किलो, पर्समध्ये मावेल असं. नाव सरळ निर्भयावरून घेतलेलं. किंमत १ लाख २२ हजार ३६० रुपये. आणि ते मिळायचं दागिन्यांच्या डबीसारख्या मरून रंगाच्या डबीत, कारण भारतीय बायकांना दागिन्यांची हौस असते असं कारखान्याचे साहेब सांगत होते. म्हणजे मेलेल्या मुलीचं नाव आणि वर डबी सोन्याच्या हाराची! मणिपूरच्या बिनालक्ष्मी नेप्राम यांनी तेव्हाच याला निर्भयाचा अपमान म्हटलं होतं. गोळीबारात घरचा माणूस गमावलेल्या बायकांबरोबर त्या वर्षानुवर्षं काम करत आल्या आहेत, त्यामुळे बंदुकीबद्दल कुणाचं ऐकायचं तर त्यांचं ऐकावं. पुढे २०२३ मध्ये कानपूरहूनच 'प्रबल' आलं, लांब पल्ल्याचं, पण पर्सची जाहिरात तीच.

किमतीचा हिशेब आपण आपल्या पद्धतीनं करू. निंदणी-वेचणीची रोजी तीनशे धरली, रोज काम मिळालं आणि घरात एक रुपयाही खर्च झाला नाही असं धरलं, तरी ते चारशेहून अधिक दिवसांच्या मजुरीचं हत्यार आहे. त्यात काडतुसं आणि सराव धरलेला नाही. आणि सरावाशिवाय रिव्हॉल्व्हर म्हणजे पर्समधलं अर्धा किलोचं ओझं. अंधारात मागून कुणी दंड धरला तर पर्सची चेन उघडून, हत्यार काढून, नेम धरायला किती वेळ लागेल ते प्रत्येकीनं घरी एकदा करून बघावं. हत्यार हिसकावलं गेलं तर काय, हे वेगळं सांगायला नको.

आता परवाना. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे आमच्याकडे अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा, मग पोलिसांचा अहवाल येतो. आपल्या जिवाला धोका आहे हे पटवावं लागतं. ज्या बाईची साधी तक्रार ठाण्यात लिहून घेतली जात नाही, 'घरचं भांडण घरात मिटवा' म्हणून जिला दारातून परत पाठवतात, ती धोका कोणत्या कागदावर सिद्ध करणार? आणि ज्यांना परवाने सहज मिळतात ते कोण असतात, हे डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांच्या खुनानंतर सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. एकट्या बीड जिल्ह्यात बाराशेहून जास्त परवाने निघाले. गुन्हे दाखल असलेल्यांच्या कमरेलाही परवान्याचं पिस्तूल होतं. ओरड झाल्यावर शंभराहून जास्त परवाने रद्द झाले. म्हणजे ओरड होईपर्यंत ते चालूच होते.

पिस्तूल बाळगणाऱ्यांचा अनुभव काय सांगतो? आपल्या राज्यातलेच घ्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिनेता गोविंदा याच्या पायात त्याच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी घुसली, कपाटात ठेवताना. एप्रिल २००६ मध्ये प्रमोद महाजनांवर त्यांच्या सख्ख्या भावानं राहत्या घरात गोळ्या झाडल्या, पिस्तूल परवान्याचं होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये उल्हासनगरला सत्ताधारी पक्षाच्या आमदारानं पोलीस ठाण्यात, निरीक्षकाच्या दालनात बसून गोळीबार केला. आणि जुलै २०२३ मध्ये अमरावतीला नेमणूक असलेल्या एका साहाय्यक पोलीस आयुक्तानं पुण्यातल्या घरी बायकोला आणि पुतण्याला गोळ्या घालून स्वतःला संपवलं. हत्यार चालवण्याचं प्रशिक्षण त्याच्याइतकं कुणाला असणार? चोर-दरोडेखोर यातल्या एकाही ठिकाणी नव्हता.

बाईच्या नावावर परवाना असलेलं प्रकरणही आपल्यासमोर आहे. मुळशी तालुक्यातल्या धडवलीची चित्रफीत जुलै २०२४ मध्ये सगळ्यांनी पाहिली. मनोरमा खेडकर हातात पिस्तूल घेऊन जमिनीच्या वादात शेतकऱ्यावर ओरडताना त्यात दिसतात. प्रसंग २०२३ चा, अटक झाली ती चित्रफीत बाहेर आल्यावर, महाडजवळ. ते प्रकरण न्यायालय बघेल. माझा मुद्दा वेगळा आहे. पिस्तूल बाईच्या हातात आलं म्हणून ते बाईचं होत नाही. ते जमिनीचं, पैशाचं, जातीचंच राहतं. फार तर ते धरणाऱ्या हातात बांगड्या असतात.

घरातल्या हत्याराचं मात्र सविस्तर बोलायला हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी चौघींत एकीनं नवऱ्याची मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती सोसल्याचं सांगितलं. सांगितलं तेवढ्या या, हे आपल्याला माहीत आहे. बलात्काराच्या नोंदींतही दरवर्षी शंभरातले नव्वदाहून अधिक आरोपी बाईच्या ओळखीचेच निघतात. जाहिरातीतला अनोळखी गुंड आपल्या केसपेपरांत क्वचितच भेटतो. मग हे पिस्तूल कुणावर रोखायचं? दिरावर? मुलांच्या बापावर? आणि जेवणात मीठ कमी पडलं म्हणून ताट भिरकावणाऱ्या माणसाला कपाटात काय आहे हे माहीत असेल, तर पुढच्या वेळी काय भिरकावलं जाईल?

अमेरिकेत घरोघरी बंदुका आहेत, त्यामुळे तिथं याचा अभ्यास झाला आहे. जॅकलिन कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अकरा शहरांतली प्रकरणं तपासली. मारझोड करणाऱ्या जोडीदाराच्या हाताशी बंदूक असेल तर बाईचा खून होण्याचा धोका सुमारे पाचपट वाढतो, असं त्यांना दिसलं. दक्षिण आफ्रिकेनं २००० साली कडक बंदूक कायदा केला, आणि १९९९ शी तुलना करता २००९ मध्ये जोडीदारानं गोळी घालून मारलेल्या बायकांचं प्रमाण स्पष्टपणे घटलेलं आढळलं. बायकांना बंदुका वाटून हे झालेलं नाही, पुरुषांच्या बंदुका कमी करून झालं.

आमचा भाग हत्यारांना नवा नाही. रोहिणखेडचं नाव इतिहासात आहे ते लढायांमुळे, १४३७ ची बहामनी-खानदेशची आणि सोळाव्या शतकाच्या अखेरची निजामशाहीची. आज गावात बंदूक असलीच तर ती पीक संरक्षणाच्या परवान्याची, रानडुकरांसाठी. आणि सातपुड्यापलीकडे बऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या पाचोरीहून येणारे देशी कट्टे आमच्या जिल्ह्यात पकडल्याच्या बातम्या सारख्या येतात. पिस्तुलाची हौस वाढली आणि परवाना मिळेना, की गिऱ्हाईक तिकडेच वळणार. ते गिऱ्हाईक आपल्या बचत गटातलं नसेल, आपल्या बायकांवर डोळा ठेवणारं असेल.

एका प्रश्नाला मात्र उत्तर द्यायलाच हवं. आमच्या दलित मैत्रिणी विचारतात, गाव अंगावर आलं तर आम्ही काय करायचं? खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ ला जमाव घरावर चालून आला, तेव्हा पोलीस कुठे होते? हा प्रश्न कुणी हलका करू नये. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरावर अत्याचार झाला तो पोलिसांकडूनच, त्यामुळे पोलिसांवर विसंबा असं मी कुणालाही सांगणार नाही. पण अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे १९९५ चे नियम काढून बघा. तिसऱ्या नियमात, गरज पडली तर दलित-आदिवासींना शस्त्रपरवाने द्यावेत असं आहे. त्याच नियमात त्याच्याही आधी लिहिलंय की अत्याचारप्रवण भागातल्या सवर्णांचे परवाने रद्द करून त्यांची शस्त्रं सरकारी शस्त्रागारात जमा करावीत. हे दुसरं कलम किती गावांत अमलात आलं? आधी ते मागू या. जमावापुढे सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर किती पुरेल याचा विचार नंतर करता येईल.

तेच आपल्याला घराच्या बाबतीत मागायचं आहे. निवडणूक लागली की परवान्याची शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करून घेतात. ती व्यवस्था आहे, रजिस्टर आहे, कुलूप आहे. मतदान शांततेत व्हावं म्हणून जे दर निवडणुकीला जमतं, ते बाईनं कौटुंबिक हिंसाचाराची तक्रार केल्यावर का जमू नये? नवा कायदा लागत नाही. शस्त्र कायद्याच्या सतराव्या कलमात सार्वजनिक सुरक्षेसाठी परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दंडाधिकारी बाईच्या संरक्षणासाठी जादा अटी घालू शकतात. आपल्या वकील मैत्रिणींनी अंतरिम आदेशाच्या अर्जात शस्त्र जमा करण्याची मागणी नेमानं घालायला सुरुवात करावी. आणि परवाना देताना पोलीस शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशी करतात, तशी बायकोला एकटीला बसवून करावी. कॅनडात अर्जावर जोडीदाराची सही मागतात, ती नसेल तर तिला कळवतात. आमच्याकडे बायकोला कळतं ते पिस्तूल घरात आल्यावर.

त्या कॉलेजच्या मुलीला मी लायसनचं उत्तर दिलं, मिळणं अवघड आहे म्हणून. मग आम्ही सगळ्यांनी मिळून दोन अर्ज लिहिले, एक आगारप्रमुखांना संध्याकाळच्या बसच्या वेळेबद्दल आणि एक ग्रामपंचायतीला रस्त्यावरच्या दिव्यांबद्दल. बसचं उत्तर अजून आलेलं नाही.

तिसरा अर्ज सगळ्या गटांनी आपापल्या तालुक्यात करायचा आहे. माहितीच्या अधिकारात जिल्हाधिकारी कार्यालय आणि पोलीस अधीक्षक यांना विचारायचं: चालू शस्त्रपरवाने किती, त्यात बायकांच्या नावावर किती, परवानाधारकांपैकी कितींवर कलम ४९८-अ किंवा १ जुलै २०२४ पासूनच्या न्याय संहितेच्या कलम ८५ खाली गुन्हा आहे, आणि त्यातल्या कितींचे परवाने निलंबित केले. नावं मागू नका, खासगी माहिती म्हणून अर्ज फेटाळतील. फक्त आकडे मागा. अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं. उत्तर तीस दिवसांत यायला हवं. आलेली उत्तरं मासिकाच्या पत्त्यावर पाठवा, आली नाहीत तर पोचपावतीची झेरॉक्स पाठवा.