घरखरेदी : लोकर बेटावरची, कष्ट कुणाचे?

परदेश शिष्यवृत्ती मिळवून आपली मुले-मुली इंग्लंड-स्कॉटलंडला शिकायला जातात. तिथे थंडी सुरू झाली की स्वेटर घ्यावाच लागतो. दुकानांत 'शेटलँड' आणि 'फेअर आईल' ही नावे दिसतात. म्हणून या खेपेस आम्ही त्या लोकरीची माहिती देत आहोत.

शेटलँड हा स्कॉटलंडच्या उत्तरेकडचा बेटांचा समूह. तिथली मेंढी लहान चणीची, लोकर मऊ. पांढरा, करडा, तपकिरी, काळा असे रंग अंगचेच, म्हणून न रंगवताही नक्षी विणता येते. जवळच्या ऑर्कनी बेटांपैकी नॉर्थ रोनाल्डसे बेटावर १८३२ साली शेते वाचवण्यासाठी बेटाभोवती दगडी भिंत घातली. मेंढ्या भिंतीबाहेर, किनाऱ्यावर समुद्री शेवाळ खाऊन जगतात. ही जात दुर्मीळ, म्हणून लोकर थोडी आणि महाग.

आता विणणारीचे ऐका. शेटलँडच्या बाया पाठीवर जळणाची टोपली घेऊन चालताचालता विणत. कमरेला भोकांचा चामडी पट्टा बांधून त्यात सुई रोवत. पण व्यापारी शाल घेऊन रोख पैसे देत नसे. चहा नि कापड हातावर ठेवी. पोटाला पीठ हवे, म्हणून बाई तो चहा शेजारीपाजारी देऊन पीठ घेई. १८७२ च्या सरकारी चौकशीत हे सारे नोंदले गेले. बलुत्याच्या धान्यावर राबलेल्या वाडवडिलांच्या लेकरांना हे दुःख वेगळे सांगायला नको. पुढे १९२० नंतर इंग्लंडच्या युवराजाने फेअर आईलचा स्वेटर मिरवला आणि त्याची फॅशन झाली. नाव बेटाचे झाले. विणणारीचे नाव कुणी विचारले नाही.

तेव्हा खरेदी करताना तीन गोष्टी विचाराव्यात. लोकर खरेच त्या बेटावरच्या मेंढीची आहे का? 'शेटलँड' हे नाव दुसरीकडच्या लोकरीलाही लावतात. हातविणीचा आहे की यंत्राचा? आणि विणला कुणी? फेअर आईल असेल तर उलटा करून पाहावा. एका ओळीत दोनच रंग असतात. न वापरलेला धागा मागून जातो, म्हणून ऊब दुप्पट.

विद्यार्थ्याच्या खिशाला हे परवडत नसेल तर संकोच नको. तिथे धर्मादाय संस्थांची जुन्या कपड्यांची दुकाने असतात. तिथे चांगले लोकरी कपडे स्वस्तात मिळतात. स्वेटर कोमट पाण्यात धुवावा, पिळू नये, दोरीवर न टांगता सपाट पसरून वाळवावा.

मात्र विणणारीकडूनच घ्यायचा असेल तर घासाघीस करू नये. कित्येक दिवसांच्या कामाची ती मजुरी आहे. तिच्या पणजीला ती चहाच्या पुडीत मिळाली. तिला तरी रोख आणि पुरी मिळावी.