वेशीपलीकडची भाषा

माझा एक जुना विद्यार्थी गेले काही महिने पेरू देशात हिंडत आहे. त्याचे सविस्तर पत्र नुकतेच हाती आले. लिमा शहरी एका वर्गात त्याने स्पॅनिश भाषेचा श्रीगणेशा केला. परंतु ती खरी त्याच्या जिभेवर बसली ती कुस्को आणि पुनो यांच्या वाटेवरील मोटारगाड्यांत आणि भाजीबाजारांत. ‘क्वांतो क्वेस्ता?’ म्हणजे ‘काय भाव?’ एवढ्या प्रश्नाच्या बळावर आपण अर्धा देश पालथा घातला, असे तो अभिमानाने लिहितो. पुढे मात्र त्याने एक मार्मिक गोष्ट लिहिली आहे. डोंगरावरच्या एका बाजारात बटाटे विकणाऱ्या वृद्धेस स्पॅनिश ही जशी त्याला परकी तशीच तिलाही परकी होती; तिची भाषा केचुआ. त्या भाषेतला आभाराचा एक शब्द त्याने उच्चारला मात्र, म्हातारीचा चेहरा उजळला आणि तिने दोन बटाटे वर टाकले. ज्या देशाने १९७५ साली केचुआला स्पॅनिशच्या बरोबरीने राजभाषेचा मान दिला, त्या देशातही त्या म्हातारीस आपल्या भाषेतला शब्द परक्या तोंडून ऐकणे अपूर्वाईचे वाटावे, याचे त्यास नवल वाटले.

पत्र वाचून आनंद झाला. पण त्या आनंदात एक सल राहिला. हा मुलगा देगलूर तालुक्यातला. त्याच्या गावाहून तेलंगणाची आणि कर्नाटकाची अशा दोन्ही हद्दी तासाभराच्या प्रवासावर आहेत. सात समुद्रांपलीकडे ‘क्वांतो क्वेस्ता’ शिकलेल्या या बुद्धिमान मुलास ‘एंत?’ आणि ‘एष्टु?’ हे त्याच प्रश्नाचे तेलुगू आणि कानडी रूप ठाऊक आहे काय, असे मी उलटटपाली विचारले. उत्तर आले, ‘सर, आम्हांला ते कोणी शिकविलेच नाही.’ या उत्तरावर मी निरुत्तर झालो. कारण न शिकविणारांत पहिला मीच.

माझीही कथा वेगळी नाही. तीस वर्षे नांदेडास इंग्रजी वाङ्मय शिकविण्यात गेली. एकदा येथील एका रुग्णालयाच्या खिडकीपाशी उभा असता पलीकडच्या मुलखातून आलेली एक म्हातारी पोट धरून ‘नोप्पि, नोप्पि’ म्हणत होती. खिडकीतल्या लेखनिकाने ते तिचे नाव समजून कागदावर लिहून घेतले! मलाही तसेच वाटले. शेवटी चहाचे पेले गोळा करणाऱ्या पोराने सांगितले, ‘साहेब, नोप्पि म्हंजे दुखणं. तिचं पोट दुखतंय.’ त्या पोराने शाळा सोडली होती, मी एम.ए. होतो. त्या क्षणी आम्हां दोघांत सुशिक्षित कोण, या प्रश्नाचे उत्तर मला अद्याप माझ्या सोयीचे देता आलेले नाही.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांत शिक्षणाने माणूस बहुभाषी होत नसून उलट एकभाषी होतो. उदगीर तालुक्यात हाळीच्या बैलबाजारास जाऊन पाहावे. देवणी जातीच्या खोंडाचे दात पाहत पाहत तेथला दलाल एका दमात मराठीत सौदा तोडतो, कानडीत शपथ घेतो आणि दखनी हिंदीत हसतो. धर्माबादेस मिरचीच्या पोत्यांखाली वाकलेला हमाल तेलुगूत हिशेब सांगतो आणि मराठीत मजुरी मागतो. माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत मार्गशीर्षात तीन प्रांतांचे लोक जमतात, त्यांना दुभाषा लागत नाही. गुरुद्वाऱ्याभोवतीच्या दुकानदारांना पंजाबी यात्रेकरूंनी गिऱ्हाईकपणाच्या ओघात त्यांची भाषा शिकवून सोडली आहे. दुभाष्याची गरज लागते ती आम्हां पदवीधरांना! आमच्या कपाटात शेक्सपिअर असतो आणि आमच्या दारी येणारा कैकाडी कोणत्या भाषेत बोलतो, हे आम्हांस सांगता येत नाही.

ही मूकता कशी आली, याचा इतिहास दूरचा नाही. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याचे माध्यम उर्दू ठरले. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो प्रयोग धाडसाचा होता. पण बहुसंख्य प्रजेची भाषा मराठी, तेलुगू वा कानडी असता तिच्यावर दरबारची भाषा लादली गेली, हा त्यातला अन्याय होता. आमच्या वडिलांच्या पिढीने तो भोगला. १९४८ साली निजामी गेली, १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली आणि आपली भाषा आपल्या शाळेत आली. हा विजय लहान नव्हता, त्याबद्दल कोणी कुरकूर करू नये. परंतु त्या रचनेची रेघ कशी ओढली गेली तेही आठवावे. नांदेड जिल्ह्यातून मुधोळ, भैंसा, बिचकुंदा, जुक्कल हा भाग तिकडे गेला. आदिलाबादेतून किनवट इकडे आले. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा बिदरपासून तुटले. रेघ कागदावर सरळ दिसते. गावांतून जाताना ती घराच्या मधूनच जाते. आजही भैंशाच्या बाजारात मराठी चालते आणि बिलोलीच्या कित्येक घरांत चुलीपाशी तेलुगू बोलली जाते. राज्ये वेगळी झाली म्हणून सोयरिकी तुटल्या नाहीत. आम्ही मात्र असा अर्थ केला की, आपली भाषा मिळाली म्हणजे शेजाऱ्याची विसरण्याचा परवाना मिळाला!

२०२५ साली या राज्यात तिसऱ्या भाषेवरून मोठा गदारोळ उठला. पहिलीपासून हिंदी शिकविण्याचा निर्णय एप्रिलमध्ये निघाला, जूनमध्ये त्यास मुरड घालण्यात आली आणि २९ जून रोजी दोन्ही आदेश मागे घेण्यात आले. लादलेल्या भाषेविरुद्ध उठलेला आवाज योग्यच होता. निजामीचा अनुभव असणाऱ्या मुलखास तो अधिकच कळावा. परंतु त्या साऱ्या रणधुमाळीत एक प्रश्न मला फारसा ऐकू आला नाही. धर्माबादच्या पोरास तिसरी भाषा हवीच असेल, तर ती तेलुगू का नको? उदगीरच्या पोरास कानडी का नको? किनवटच्या शाळेत गोंडी आणि मुखेडच्या तांड्यावर गोरमाटी यांना निदान मास्तरांच्या तोंडी जागा का नको? मुंबईच्या मापाने शिवलेला अंगरखा साऱ्या महाराष्ट्राने घालावा, हाच हट्ट दोन्ही बाजूंचा होता.

यावर आक्षेप निघतील, ते मला ठाऊक आहेत. कोणी म्हणेल, सीमेचा तंटा मिटला नसता कानडी शिकणे म्हणजे शरणागती होय. हा युक्तिवाद पोकळ आहे. ज्याच्याशी वाद घालावयाचा त्याचे म्हणणे त्याच्याच भाषेत समजणे ही दुर्बलता कधीपासून झाली? शिवाय कानडी ही आमच्या घरात कधीची नांदत आहे. अण्णा, अक्का, अप्पा आणि ताटातले तूप हे शब्द कानडीशी नाते सांगतात. नांदेड जिल्ह्यातल्या चालुक्यकालीन शिलालेखांपैकी कितीतरी कानडीत कोरलेले आहेत. आपल्याच गावच्या देवळाचा दगड आपल्याला वाचता येत नाही. लातूरच्या घराघरांत बसवेश्वरांची जयंती होते. पण ज्या कानडीत त्यांची वचने उमलली तिचे अक्षर त्या घरातल्या मुलांना अनोळखी असते. बसवकल्याण निलंग्याहून असे किती दूर आहे?

दुसरा आक्षेप पोटाचा. स्पॅनिश, जर्मन, जपानी शिकले तर नोकरी मिळते. तेलुगूने काय मिळणार? मी या भाषांचा वैरी नाही. माझा सारा संसार परक्या भाषेवर चालला आहे. पण नांदेड-लातूरची किती मुले पोटासाठी हैदराबादची गाडी धरतात, याची आठवण आक्षेप घेणारांनी ठेवावी. आणि नोकरीच्या पलीकडे त्या म्हातारीचे पोटही असते, जे कोणत्याही जर्मन शब्दाने दुखायचे थांबत नाही.

दूरची भाषा आणि शेजारची भाषा यांत वैर नाही, याचे दाखले आमच्याच परिसरात आहेत. निलंग्यास १९१० साली जन्मलेले सेतुमाधवराव पगडी हैदराबादच्या सरकारी नोकरीत आदिलाबादेच्या रानात गेले, तेव्हा त्यांनी गोंडांशी दुभाष्यामार्फत बोलणे नाकारले. ते गोंडी शिकले, तिचे व्याकरण लिहिले. आणि फारसी-उर्दूचा व्यासंगही सोडला नाही. पी. व्ही. नरसिंह राव यांनी हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी तेलुगूत नेली. मराठी इतकी अवगत असलेला हा तेलुगू गृहस्थ रामटेकहून दोनदा लोकसभेत गेला. आणि स्पॅनिशही त्यास येत होती. शेजाऱ्याची भाषा ज्याने प्रेमाने शिकली त्याला सातासमुद्रांपलीकडची जड जात नाही. आपट्यांना तेलुगूत नेणारा शेजारी आम्हांस लाभला. तेलुगूतले काय आम्ही मराठीत आणले, याचा हिशेब आम्हां प्राध्यापकांनी एकदा मांडावा.

मी सक्ती मागत नाही. सक्तीने भाषा येते, आपुलकी येत नाही, हे आमच्या वडिलांनी उर्दूच्या बाबतीत पाहिले आहे. मागणे थोडे आहे. सीमेवरच्या तालुक्यांतील शाळांत शेजारची भाषा ऐच्छिक असावी. शिक्षक परप्रांतातून आणण्याची गरज नाही, त्या भाषा घरी बोलणारे पदवीधर येथेच नोकरीची वाट पाहत आहेत. महाविद्यालयांनी आपल्या विद्यार्थ्यांस सुटीत महिनाभर निर्मल, बिदर, निजामाबाद येथील घरांत पाठवावे आणि तिकडच्यांना इकडे बोलवावे. रुग्णालयांत आणि कचेऱ्यांत खिडकीवर बसणाऱ्यास तेलुगूची शंभर वाक्ये आली पाहिजेत. एवढ्याने प्रांतांच्या सीमा हलणार नाहीत. मनाच्या हलल्या तर पुष्कळ झाले.

त्या विद्यार्थ्यास मी शेवटी एवढेच लिहिले की, तू परत येशील तेव्हा नांदेडच्या स्थानकावर उतरू नकोस. हैदराबादेहून मोटारीने ये, वाटेत मदनूरला उतर, चहा माग, आणि भाव तेलुगूत विचार. तोवर मीही एका गुरूकडे शिकवणी धरली आहे. माझा गुरू पंधरा वर्षांचा आहे, रुग्णालयापाशी चहाचे पेले गोळा करतो, आणि माझे उच्चार ऐकून मनसोक्त हसतो.