हिशेब आणि भरवसा

वाशीच्या पुलावरून जाताना ठाणे खाडीच्या काठची हिरवी कांदळवने दिसतात. वादळात लाटांचा जोर ही झाडे कमी करतात. समुद्राची पातळी वाढत असल्याने त्यांचे मोल आता अधिकच आहे.

ती जपण्यास पैसा लागतो. हवेत धूर श्रीमंत देशांनी अधिक सोडला. म्हणून त्यांची मदत ही भीक नव्हे, आपला हक्क आहे. परंतु नुसता हक्क सांगून पैसा मिळत नाही. महाराष्ट्राने २०१२ साली कांदळवन कक्ष स्थापन केला. सिंधुदुर्गात बचतगटांच्या महिला कांदळवनात खेकडे पाळू लागल्या. असे काम आधी उभे राहिले. मग २०१८ साली 'हरित हवामान निधी' या जागतिक संस्थेने महाराष्ट्र, आंध्र प्रदेश व ओडिशा यांच्या किनाऱ्यांसाठी ४ कोटी डॉलरहून अधिक मदत मंजूर केली.

माझ्या मते मदत भरवशावर मिळते आणि भरवसा चोख हिशेबावर. झाडे किती लावली, किती जगली, गावाला काय मिळाले, हे दाखविता आले पाहिजे. 'हिशेब' म्हणजे आपल्या उर्दूतील 'हिसाब'च! मुलांनो, गेल्या पावसाळ्यात लावलेल्या रोपांपैकी किती जगली, हे आपल्याला सांगता येईल का? तेथूनच सुरुवात करू या.