विश्लेषण : नवा ‘रिमोट’ जुन्या गेमला का चालत नाही?

आखाजीला खानदेशात मामाचे घर भरते. सुरत, पुणे, नाशिकहून लेकी माहेरी येतात आणि त्यांच्याबरोबर भाचरे. जळगाव-धुळ्याचा पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसच्या घरात गेला की दुपारी अंगणातही पाय ठेवता येत नाही. मग उरतात पत्ते, मोबाइल आणि कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर. कधी काळी एमएस-सीआयटीसाठी नाहीतर मुलाच्या डिप्लोमासाठी घेतलेल्या या यंत्रावर ‘क्रिकेट ०७’, ‘नीड फॉर स्पीड’, ‘व्हाइस सिटी’ अजून शिल्लक असतात. भाच्याच्या बॅगेत प्लेस्टेशनचा किंवा एक्सबॉक्सचा कंट्रोलर असतो, घरातल्या भाषेत ‘रिमोट’. वायर जोडली जाते, विंडोज आवाज करून दखल घेते, पण गेम ढिम्म हलत नाही. ‘रिमोट खराब आहे’ किंवा ‘कॉम्प्युटर भंगारात काढा’ असा निकाल तिथल्या तिथे लागतो. बहुतेक वेळा हे दोन्ही निकाल चुकीचे असतात आणि त्यापायी हजार-दोन हजार रुपये उगाच जातात.

कीबोर्ड असताना रिमोट कशाला?

एका कीबोर्डवर दोघे खेळायला बसले की भांडण ठरलेले. ‘मी बटण दाबले होते, घेतलेच नाही,’ ही तक्रार मोठी माणसे बहाणा समजतात. ती बऱ्याचदा खरी असते. स्वस्त कीबोर्डच्या आत प्रत्येक बटणाला स्वतंत्र तार नसते. आडव्या-उभ्या रेषांची जाळी असते. ठरावीक जागांवरची तीन बटणे एकदम दाबली गेली तर चौथेही दाबले आहे की नाही, हे कीबोर्डला कळत नाही. घोटाळा नको म्हणून तो तिसरे बटण सोडूनच देतो. म्हणजे एकाने धाव घेण्यासाठी बटण दाबून धरले की दुसऱ्याचा थ्रो खरोखरच हवेत विरतो. दुसरा खेळाडू रिमोटवर गेला की हा तंटा मिटतो.

दुसरे कारण खेळाच्या घडणीत आहे. बाणाचे बटण एकतर दाबलेले असते किंवा नसते. रिमोटवरची छोटी स्टिक थोडी, अर्धी, पूर्ण अशी कितीही वळते. गाडीच्या गेममध्ये हा फरक पहिल्याच वळणावर कळतो. ‘क्रिकेट ०७’ हे तर ठळक उदाहरण. कॅनडातल्या एचबी स्टुडिओजने बनवलेला हा गेम ईए स्पोर्ट्सने नोव्हेंबर २००६ मध्ये पीसी आणि प्लेस्टेशन २ साठी आणला. त्यातल्या ज्या ‘सेंच्युरी स्टिक’चा गाजावाजा झाला, ती फलंदाजीची पद्धत रिमोटच्या स्टिकसाठीच आखली होती. भारतीय संघाचा परवाना नसल्याने आपल्या खेळाडूंची नावे त्यात मोडूनतोडून आली, तरी भारतात तो घरोघरी पोहोचला. त्यानंतर ईएने पीसीसाठी क्रिकेटचा गेम काढलाच नाही, त्यामुळे जुन्या कॉम्प्युटरवरून तो हटायलाही तयार नाही. मात्र इतकी वर्षे कीबोर्डवर खेळणाऱ्या कित्येकांनी ज्यासाठी गेम बनला ती फलंदाजी कधी केलेलीच नाही.

मग अडते कुठे?

रिमोट आणि गेम यांच्यामधल्या भाषेत. मायक्रोसॉफ्टने १९९५ मध्ये विंडोजवरच्या गेमसाठी डायरेक्टएक्स आणले. त्यातल्या डायरेक्टइनपुट या भागातून जुने गेम जॉयस्टिक, स्टिअरिंग, पॅड यांचे हुकूम ऐकत. या पद्धतीत रिमोट फक्त एवढेच सांगतो : माझ्याकडे इतकी बटणे आहेत, इतक्या दिशा आहेत. ‘बटण ३’ म्हणजे उडी की ब्रेक, हे खेळणाऱ्याने सेटिंगमध्ये ठरवायचे. गैरसोयीचे, पण मोकळे.

२००५ च्या अखेरीस एक्सबॉक्स ३६० आला आणि त्याच्याबरोबर एक्सइनपुट ही नवी पद्धत. यात सगळे आधीच ठरलेले. प्रत्येक बटणाला नाव, प्रत्येक स्टिकची जागा पक्की, एका वेळी जास्तीत जास्त चार रिमोट. जोडा आणि खेळा. पुढच्या काही वर्षांत बहुतेक गेम याच पद्धतीकडे वळले आणि अनेकांनी जुनी पद्धत ऐकणेच सोडले.

त्यामुळे दुखणी दोन आहेत आणि ती एकमेकांच्या उलट आहेत. दुकानात तक्रार सांगताना हीच गफलत होते. गेम जुना आणि रिमोट नवा असेल तर गेमला रिमोट दिसतो, पण त्याची बटणे आणि दिशा सरमिसळ होतात. गेम २००६ नंतरचा आणि रिमोट जुन्या यूएसबी पद्धतीचा असेल तर गेमला तो दिसतच नाही. एका दुखण्याचे औषध दुसऱ्याला दिले की काहीच होत नाही आणि मग नवा रिमोट विकत घेतला जातो.

कॅमेरा आपोआप का गरगरतो?

हा प्रश्न ‘सॅन अँड्रियास’सारख्या गेममध्ये हमखास येतो. पात्र उभे, हात लावलेला नाही, तरी दृश्य गोल फिरत राहते किंवा नजर आभाळाला लागते. भूतबाधा नाही, हिशेबाची चूक आहे. डायरेक्टइनपुटमध्ये दिशांना एक्स, वाय, झेड आणि त्यांच्या फिरत्या जोड्या अशी नावे आहेत. उजवी स्टिक कोणत्या जोडीवर बसवायची, यावर कंपन्यांचे एकमत नाही. प्लेस्टेशन ४ च्या रिमोटमध्ये ज्या जोडीवर मागचे दोन ट्रिगर आहेत, त्याच जोडीवर एक्सबॉक्स पद्धतीचा रिमोट उजवी स्टिक ठेवतो. ट्रिगर न दाबता स्वस्थ असतो तेव्हा त्याचा आकडा सगळ्यात खालच्या टोकाला असतो. गेमला वाटते, स्टिक कोणीतरी कोपऱ्यात गच्च दाबून धरली आहे, आणि तो इमानेइतबारे कॅमेरा फिरवत बसतो.

एक्सबॉक्सच्या रिमोटची खोड वेगळी. जुन्या पद्धतीत त्याचे दोन्ही ट्रिगर एकाच दिशेची दोन टोके म्हणून पोहोचतात. रेसिंगमध्ये ॲक्सिलरेटर आणि ब्रेक एकदम दाबले तर बेरीज शून्य होते आणि गाडी नुसतीच घरंगळते. शिवाय जुन्या गेममध्ये हा रिमोट थरथरतही नाही. तो बिघाड नव्हे, मायक्रोसॉफ्टने ती सोय त्या पद्धतीत दिलेलीच नाही.

पैसे न घालता काय करून पाहावे?

सगळ्यात आधी वायर. घरातल्या जुन्या मोबाइल केबलपैकी बऱ्याच फक्त चार्जिंगच्या असतात. रिमोटचा दिवा लागतो, माहिती मात्र पलीकडे जात नाही. नंतर विंडोजच्या ‘रन’ चौकटीत ‘जॉय डॉट सीपीएल’ हे इंग्रजी छोट्या अक्षरांत, मध्ये टिंब देऊन टाइप करावे. उघडणाऱ्या खिडकीत रिमोटचे नाव दिसते, बटण दाबले की तिथला दिवा लागतो. सगळे दिवे लागत असतील आणि स्टिक हलवल्यावर खूणही हलत असेल तर रिमोट धडधाकट आहे आणि त्यावर एक रुपयाही खर्च करण्याचे कारण नाही.

बरेच जुने गेम फक्त सुरू होताना रिमोट शोधतात, म्हणून तो आधी जोडावा आणि मग गेम उघडावा. काही रिमोट दोन्ही पद्धती बोलतात. लॉजिटेकच्या एफ३१० वर एक्स आणि डी असा खटकाच आहे; स्वस्तातल्या अनेक पॅडवर मधले बटण काही सेकंद दाबून धरले की पद्धत बदलते. हा खटका माहीत नसल्याने किती पॅड कपाटात पडून असतील, कोण जाणे.

एवढ्याने जमले नाही तर मोफत किंवा नाममात्र किमतीची दुभाषी सॉफ्टवेअर आहेत. जॉयटूकी किंवा अँटीमायक्रोएक्स रिमोटच्या बटणाचे रूपांतर कीबोर्डच्या बटणात करतात. कीबोर्डवर चालणाऱ्या बहुतेक गेमला हा उपाय लागू पडतो, पण स्टिकचे बारीक वळण त्यात हरवते. प्लेस्टेशनच्या रिमोटला एक्सबॉक्सचे सोंग द्यायला डीएसफोरविंडोज, जुन्या यूएसबी पॅडला नव्या गेमसमोर उभे करायला एक्स३६०सीई. स्टीममध्ये तर बाहेरचा गेमही जोडता येतो आणि बटणे हवी तशी लावता येतात. मात्र जानेवारी २०२४ पासून स्टीमने विंडोज ७ चा आधार काढून घेतला आहे, त्यामुळे अगदी जुन्या यंत्रावर जॉयटूकीसारखे साधे साधनच कामी येते.

ही साधने मूळ निर्मात्याच्या पानावरूनच घ्यावीत. ‘कंट्रोलर फिक्स’ नावाने पेनड्राइव्हवरून किंवा टेलिग्रामवर फिरणाऱ्या फाइल उघडू नयेत. ज्या कॉम्प्युटरवर मुले गेम खेळतात त्यावरच वडील वीजबिल आणि बँकेचे काम करत असतील तर हा धोका गेमपेक्षा कितीतरी मोठा आहे. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेटही १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. जुने यंत्र खेळापुरते, इंटरनेटची वायर काढून वापरलेले बरे.

कुठे रिमोट नकोच?

‘एज ऑफ एम्पायर्स’, ‘काउंटर-स्ट्राइक’, ‘आयजीआय’. हे माउसचे खेळ आहेत. त्यांना रिमोट जोडण्याची खटपट हौस म्हणून ठीक, खेळ मात्र हरला जाणार. कन्सोलवर वाढलेले गेम, म्हणजे गाड्या, क्रिकेट, फुटबॉल, ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’, रिमोटला मागतात.

दोष कोणाचा?

गिऱ्हाइकाचा नाही. पॅडच्या खोक्यावर ‘पीसीला चालतो’ एवढे दोन शब्द मोठ्या अक्षरांत छापलेले असतात. कोणत्या पद्धतीने चालतो, ती बदलता येते का, विंडोज ७ वर वेगळा ड्रायव्हर लागतो का, हे शोधायला भिंग लागते आणि बहुतेकदा ते नसतेच. एक्सबॉक्स वनच्या रिमोटला विंडोज ७ वर ड्रायव्हर लागतो, हे पाच हजारांच्या आसपास मोजून झाल्यावर कळण्यात काय अर्थ? गोलाणी मार्केटमधला असो की आग्रा रोडवरचा, विक्रेताही खोक्यावरचेच वाचून दाखवणार. खोक्यावर दोन ओळी वाढवायला कंपन्यांना खर्च नाही.

तोवर खरेदीच्या वेळी दुकानात दोनच प्रश्न विचारावेत : हा पॅड डी-इनपुटवर जातो का, आणि काउंटरवरच्या कॉम्प्युटरला जोडून ती दिव्यांची खिडकी दाखवता का? दुसऱ्याला दोन मिनिटे लागतात. दाखवायला नकार मिळाला तर पुढच्या दुकानात जावे.