विश्लेषण : बॅकअप घेतला, पण पडदा न पाहता तो परत मिळवता येईल का?

विंडोज १० ला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुना संगणक वापरणाऱ्यांपुढे विंडोज ११ वर जाणे किंवा नवा संगणक घेणे हे पर्याय आहेत. दोन्हींसाठी सल्ला एकच, आधी बॅकअप घ्या. स्क्रीन रीडर ऐकून संगणक चालवणाऱ्या दृष्टिहीनांसाठी मात्र हा सल्ला अर्धाच ठरतो. बॅकअप घेताना संगणक बोलत असतो. तो परत आणायची वेळ येते, तेव्हा अनेकदा आवाजच गेलेला असतो.

अडचण नेमकी कुठे येते?

२०११ च्या जनगणनेनुसार देशात दृष्टिदोष असलेल्यांची संख्या ५० लाखांहून अधिक आहे. यातले जे संगणक वापरतात, त्यांचा आधार एनव्हीडीए, जॉज किंवा विंडोजमधला नॅरेटर यांसारखे स्क्रीन रीडर असतात. विंडोज नव्याने टाकले की एनव्हीडीए आणि जॉज पुसले जातात. ‘रीसेट’ करताना ‘माझ्या फाइल्स ठेवा’ हा पर्याय निवडला तरी बाहेरून टाकलेली सॉफ्टवेअर जातातच. बॅकअपसाठी मिळणाऱ्या अनेक सॉफ्टवेअरमध्ये बटणांना नावे नसतात, त्यामुळे स्क्रीन रीडर नुसते ‘बटण, बटण’ म्हणत राहतो. डिस्कचे भाग रंगीत पट्ट्यांनी दाखवले जातात, ते ऐकू येत नाहीत. शेवटी शेजारच्या मुलाला किंवा दुरुस्तीवाल्याला बोलवावे लागते. बँकेची कागदपत्रे, वैद्यकीय अहवाल, खासगी पत्रे असा सगळा संगणक दुसऱ्याच्या हाती जातो. बॅकअपची पद्धत निवडताना ‘हे मला एकट्याला परत आणता येईल का’ हा प्रश्न म्हणूनच पहिला हवा.

कोणती पद्धत सोयीची?

संपूर्ण डिस्कची प्रतिमा घेण्यापेक्षा फाइल्सची साधी प्रत घेणे अधिक सुरक्षित. प्रतिमा परत आणायला सहसा त्याच सॉफ्टवेअरचा पेन ड्राइव्ह लावून संगणक सुरू करावा लागतो आणि असे अनेक ड्राइव्ह बोलत नाहीत. साधी प्रत मात्र कोणत्याही संगणकावर, कोणत्याही स्क्रीन रीडरने उघडते.

विंडोजमधली ‘फाइल हिस्टरी’ ही सुविधा बाहेरच्या ड्राइव्हवर दर तासाला बदललेल्या फाइल्स साठवते. विंडोज ११ मध्ये ती कंट्रोल पॅनेलमध्ये सापडते. ज्यांना आज्ञा टाइप करायची सवय आहे, त्यांच्यासाठी ‘रोबोकॉपी’ उत्तम. विंडोजमध्ये ती आधीपासूनच असते आणि सगळे काम मजकुरात होत असल्याने स्क्रीन रीडर अडखळत नाही. रोबोकॉपी, मग मूळ फोल्डरचा पत्ता, मग बॅकअपच्या फोल्डरचा पत्ता असा क्रम असतो. विंडोज ११ मध्ये फोल्डर निवडून कंट्रोल+शिफ्ट+सी दाबले की त्याचा पत्ता अवतरणचिन्हांसह कॉपी होतो.

पत्त्यांनंतर ‘/ई’ लिहिले की आतले फोल्डरही येतात. ‘/एनपी’ लिहिले की प्रत्येक टक्का वाचून दाखवण्याची कटकट थांबते. ‘/एल’ लावल्यास काहीही कॉपी न होता फक्त यादी मिळते, त्यामुळे पहिल्यांदा ते लावून पाहावे. ‘/एमआयआर’पासून मात्र जपावे. मूळ फोल्डरमध्ये नसलेली फाइल ते बॅकअपमधूनही काढून टाकते. दोन पत्त्यांची अदलाबदल झाली, तर चांगला डेटा पुसला जाऊ शकतो.

ड्राइव्हला ‘बॅकअप’ असे नाव द्यावे. ड्राइव्हचे अक्षर बदलू शकते, नाव टिकते. एकसारखे दोन ड्राइव्ह असतील तर एकाला रबरबँड किंवा ब्रेल पट्टी लावावी. फोल्डरच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहिला की बाणाच्या कळीने यादी ऐकताना ती तारखेच्या क्रमाने येते.

क्लाऊडवर ठेवले की झाले का?

गुगलच्या खात्यात १५ जीबी आणि वनड्राइव्हमध्ये ५ जीबी जागा मोफत मिळते. कागदपत्रांसाठी ती बहुधा पुरते. पण क्लाऊडची ही सेवा मुळात सिंकची आहे. संगणकावर फाइल चुकून पुसली की ती क्लाऊडवरूनही जाते. वैयक्तिक खात्यात ती साधारण ३० दिवस कचरापेटीत राहते. शिवाय काही फाइल्सचे फक्त नाव संगणकावर दिसते, मजकूर इंटरनेटवर असतो. अशा फाइल्स ‘या संगणकावर कायम ठेवा’ हा पर्याय निवडून आधी उतरवून घ्याव्यात. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर आणि त्यातली एक घराबाहेर, हा ३-२-१ नियम येथेही लागू आहे. क्लाऊड ही घराबाहेरची प्रत समजावी.

आवाजाचाही बॅकअप का हवा?

एनव्हीडीए मोफत आहे आणि त्याची पेन ड्राइव्हवरून चालणारी प्रत तयार करता येते. एनव्हीडीए+एन दाबून मेन्यू उघडावा, ‘टूल्स’मध्ये जाऊन पोर्टेबल प्रत तयार करण्याचा पर्याय निवडावा आणि सध्याच्या सेटिंग्ज सोबत घ्याव्यात. वेग, आवाज, उच्चारांचा शब्दकोश, अ‍ॅड-ऑन असे वर्षानुवर्षे जमवलेले सगळे त्यात येते. नव्या संगणकावर आधी कंट्रोल+विंडोज+एंटर दाबून नॅरेटर सुरू करावा, पेन ड्राइव्ह उघडून एनव्हीडीए चालवावा आणि तेथूनच तो संगणकावर टाकावा. परवानगी मागणाऱ्या सुरक्षित खिडकीत पोर्टेबल प्रत बोलत नाही. तेवढ्यापुरता नॅरेटर कामी येतो. जॉज वापरणाऱ्यांनी सेटिंग्ज निर्यात करून ठेवाव्यात आणि परवान्याचा तपशील जपावा.

विंडोज सुरूच झाले नाही तर?

२०१७ पासून विंडोजच्या दुरुस्तीच्या पडद्यावर आणि विंडोज नव्याने टाकतानाही नॅरेटर चालतो. कळा त्याच, कंट्रोल+विंडोज+एंटर. अट एवढीच की त्या संगणकाच्या साउंड कार्डचा ड्रायव्हर तेथे उपलब्ध हवा, नाहीतर शांतताच. यूईएफआय किंवा बायोसचे पडदे तर सहसा बोलतच नाहीत.

आणखी एक अडसर बिटलॉकरचा. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती कागदावर छापून ठेवली तर दृष्टिहीन व्यक्तीला आयत्या वेळी वाचता येणार नाही. ती सहसा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. आजच तपासून फोनमध्ये सुरक्षित जागी ठेवावी, म्हणजे टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर ती वाचून दाखवेल.

बॅकअप कामाचा आहे, हे कसे कळणार?

परत आणून पाहिल्याशिवाय कळत नाही. महिन्यातून एकदा बॅकअपमधला एखादा फोल्डर दुसऱ्या जागी उतरवावा आणि त्यातल्या दोन-चार फाइल्स उघडून ऐकाव्यात. कॉपी होत असताना एनव्हीडीएचे बीप चढत्या सुरात वाजतात, त्यावरून किती काम झाले याचा अंदाज येतो. रोबोकॉपी शेवटी किती फाइल्स कॉपी झाल्या, किती वगळल्या आणि किती अयशस्वी ठरल्या हे सांगते. अयशस्वीचा आकडा शून्य हवा. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉण्टमधल्या फाइल्स सुखरूप परत आल्या तरी स्क्रीन रीडरला त्या निरर्थक अक्षरांसारख्या दिसतात. त्या हाताशी असतानाच युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात.

सगळी जबाबदारी वापरकर्त्याचीच का?

तशी ती नसावी. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये माहिती तंत्रज्ञान सर्वांना वापरता येण्याजोगे असावे, अशी तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सुविधांपर्यंत पोहोचण्याचा हक्क अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले. प्रत्यक्षात सॉफ्टवेअरची सुलभता तपासली जाते ती मुख्य खिडकीपुरती. बिघाडाच्या वेळचा पडदा कोणी ऐकून पाहत नाही. कार्यालये, बँका आणि महाविद्यालये दृष्टिहीन कर्मचारी आणि विद्यार्थ्यांना संगणक देतात, तेव्हा खरेदीच्या अटींमध्ये ‘डेटा परत आणण्याची प्रक्रिया स्क्रीन रीडरने पूर्ण करता यावी’ ही एक ओळ घालणे अवघड नाही. ती अट येईपर्यंत प्रत्येक स्क्रीन रीडर वापरकर्त्याकडे तीन गोष्टी तयार हव्यात : फाइल्सची साधी प्रत, आवाजाचा पेन ड्राइव्ह आणि फोनमध्ये वाचता येणारी रिकव्हरी की.