आधी विचारायचं की नंतर?

अनोळखी माणसाचा फोटो आधी परवानगी न घेता काढणं म्हणजे चोरी, असं हल्ली ठणकावून सांगितलं जातं. सांगणाऱ्यांची कळकळ खरी आहे. पण वरळीच्या बीडीडी चाळींच्या पटांगणात विचारून बघा. लगेच पदर सावरला जातो, कॅरमवर वाकलेले आजोबा ताठ बसतात, "थांबा, शर्ट बदलून येतो" म्हणून एक जण आत पळतो. फोटो मिळतो, छानही येतो. पण तो स्टुडिओतला. दुपारी चारची चाळ त्यात नसते. छायाचित्रकार सुनी तारापोरवाला १९७०च्या दशकापासून मुंबई टिपत आल्या. प्रत्येक वेळी आधी अर्ज केला असता तर ती मुंबई आज आपल्यापुढे नसती. आणि नाक्यानाक्यावरचे सीसीटीव्ही कुणाला विचारून चालतात?

पण म्हणून "रस्ता सार्वजनिक, मग काहीही टिपा" म्हणणाऱ्यांचंही खरं नाही. चाळीत घर उंबऱ्याशी संपत नाही. खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक; बादली घेऊन, ओल्या केसांनी कॉरिडॉरमधून परतणारी बाई तिच्या लेखी घरातच असते. तिथे कॅमेरा उचलायचाच नाही. माणूस सार्वजनिक जागी आला म्हणून त्याचा खासगीपणा संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७च्या पुट्टस्वामी निकालातही आलं आहे.

माझं म्हणणं असं, की गुन्हा बटण दाबण्यात नाही, दाबून चालू पडण्यात आहे. फोटो काढा, मग जवळ जा, स्क्रीन दाखवा, नाव विचारा. "नको" म्हटलं तर तिथेच, त्यांच्यादेखत पुसून टाका, हुज्जत नको. आवडला तर प्रिंट नेऊन द्या. (व्हॉट्सअ‍ॅपवर धाडणं म्हणजे प्रिंट देणं नव्हे.)

सगळ्यात चीड येते ती चाळींच्या फोटोंखालच्या "लुप्त होणारी मुंबई" या ओळीची. लुप्त कोण झालं? ऑगस्ट २०२५मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना टॉवरमधल्या ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. चाळींच्या पाडकामाच्या आदल्या आठवड्यात गर्दी करणाऱ्या कॅमेऱ्यांनी आता त्या टॉवरच्या लिफ्टपाशीही जावं. माणसं तीच आहेत, पत्ता तेवढा बदललाय.