टोकन ते ताबा: घरखरेदीत पैसे नेमके कुठे अडकतात?

दसरा-पाडवा जवळ आला की बुकिंगच्या जाहिरातींचा पाऊस पडतो. ‘आज फक्त टोकन भरा, बाकीचं नंतर बघू’ हे वाक्य तेव्हा हमखास ऐकू येते. पण टोकन भरले म्हणजे घर नावावर झाले, असे नाही.

टोकन किती द्यायचे?

रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करारनामा होण्यापूर्वी बिल्डरला घराच्या किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. पैसे देण्याआधी प्रकल्पाचा महारेरा क्रमांक संकेतस्थळावर टाकून पाहावा. मंजूर नकाशे, ताब्याची तारीख आणि जमिनीवरील बोजा तिथेच दिसतो. रक्कम चेकने किंवा ऑनलाइन द्यावी आणि वाटपपत्र घ्यावे. महारेराच्या नमुना वाटपपत्रानुसार १५ दिवसांत बुकिंग रद्द केल्यास कपात होत नाही. त्यानंतर कपात टप्प्याटप्प्याने २ टक्क्यांपर्यंत जाते.

खिशातून किती जाणार?

मुंबईत बांधकाम सुरू असलेले ८० लाखांचे घर घेतले, असे धरू. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांचे गृहकर्ज किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच मिळते, म्हणजे ६४ लाख. उरलेले १६ लाख स्वतःचे. मुद्रांक शुल्क ६ टक्के, म्हणजे ४ लाख ८० हजार. नोंदणी शुल्क ३० हजार. ५ टक्के जीएसटीचे ४ लाख. एकूण २५ लाख १० हजार! मुद्रांक व नोंदणी शुल्क कर्जाच्या हिशेबात धरले जात नाही, त्यामुळे अनेकांचे गणित इथेच चुकते. घर फक्त महिलेच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर विकल्या जाणाऱ्या घरावर जीएसटी लागत नाही.

किंमत ५० लाख किंवा अधिक असल्यास खरेदीदाराने १ टक्का टीडीएस कापून सरकारजमा करायचा असतो. हा जादा खर्च नाही, तो किमतीतूनच वजा होतो. मात्र भरायला विसरल्यास व्याज आणि विलंब शुल्क खरेदीदारालाच सोसावे लागते.

ताबा लांबला तर?

करारनाम्यातील तारीख इथे कामी येते. ती उलटल्यास प्रकल्पातून बाहेर पडून व्याजासह पैसे परत मागता येतात किंवा घर ठेवून दरमहा व्याज मागता येते. महाराष्ट्रात हा दर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरपेक्षा २ टक्के जास्त आहे. तारीख फक्त तोंडी सांगितलेली असेल, तर भांडायला आधार उरत नाही.

चावी मिळाली, व्यवहार संपला?

नाही. आधी भोगवटा प्रमाणपत्र पाहावे. ताब्यानंतर ५ वर्षांत बांधकामातील दोष दाखवल्यास बिल्डरने ते विनाशुल्क दुरुस्त करायचे असतात. शेवटचा टप्पा अभिहस्तांतरणाचा, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होण्याचा. बिल्डर टाळाटाळ करत असेल तर सोसायटी मानीव अभिहस्तांतरणासाठी अर्ज करू शकते. ते राहून गेले तर पुनर्विकासाच्या वेळी घर रहिवाशांचे आणि जमीन दुसऱ्याची, असा पेच उभा राहतो.